विहिरीच्या काठावरून काढलेला फोटो

एप्रिल २०२५मध्ये पेठ तालुक्यातल्या बोरीची बारी या गावाची चित्रफीत देशभर फिरली. कोरडी पडत चाललेली खोल विहीर, तिच्या कपारींवर पाय रोवून तळाशी उतरणाऱ्या बायका, आणि तळाला साचलेलं गढूळ पाणी वाटीवाटीने हंड्यात भरणारे हात. दोन दिवस ती सगळ्यांच्या मोबाइलवर होती. नंतर आयपीएलचे सामने होते, लग्नसराई होती. चित्रफीत मागे पडली.

पेठच्या उन्हाळ्याचं असं चित्र दर वर्षी एखादं तरी येतंच. गाव बदलतं, पाडा बदलतो, हंड्याचा रंग बदलतो. कॅमेऱ्याची जागा मात्र बदलत नाही. तो कायम काठावर उभा असतो आणि खाली बघत असतो. खाली उतरलेली बाई वर बघते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर ऊन येतं, डोळे बारीक होतात, आणि फोटो ‘बोलका’ होतो.

या बोलक्या फोटोंना मागणी आहे. वृत्तसंस्थांना ते हवे असतात, राजकीय पक्षांना हवे असतात, आणि सेवाभावी क्लबांनाही हवे असतात. नाशिकपासून पेठ जेमतेम पंचावन्न किलोमीटर. सावळघाट, कोटंबी घाट ओलांडला की शहरातल्या रोटरी, लायन्ससारख्या क्लबांना हवं ते सगळं ‘प्रोजेक्ट’चं सामान तिथे हजर असतं: पाणी, शाळा, कुपोषण, थंडीत ब्लँकेट, पावसाळ्यात रेनकोट. रविवारी सकाळी गाड्या काढायच्या, दुपारी वाटप, संध्याकाळी घरी. सोमवारी पान चारवर बातमी आणि क्लबच्या बुलेटिनमध्ये रंगीत छायाचित्र. त्यात मधोमध प्रेसिडेंट, शेजारी सेक्रेटरी, मागे बॅनर आणि पुढे रांगेत बसवलेली मुलं.

गंमत अशी, की हे छायाचित्र पाहून नवा सभासद सहसा येत नाही. क्लबच्या पदाधिकाऱ्यांनाही हे आतून ठाऊक असतं. दर वर्षी १ जुलैला नवं रोटरी वर्ष सुरू झालं, पदग्रहण सोहळा आटोपला, की पहिल्याच बोर्ड मीटिंगमध्ये विषय निघतो: मेंबरशिप कशी वाढवायची? गेल्या काही वर्षांत त्यावर एक उत्तर सर्रास ऐकू येतं, ‘आपण गोष्टी सांगायला कमी पडतो.’ आकडे नकोत, अहवाल नकोत, एका माणसाची गोष्ट सांगा.

हा सल्ला चुकीचा नाही. त्यामागे भरभक्कम पुरावाही आहे. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक या तीन अमेरिकी संशोधकांचा एक प्रयोग २००७मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोगात भाग घेतल्याबद्दल लोकांना पाच डॉलर मिळाले होते, आणि त्यातले हवे तेवढे आफ्रिकेतल्या भुकेलेल्यांना द्यायची मुभा होती. काहींना नुसते आकडे दाखवले: इतक्या लाख लोकांना अन्न नाही. काहींना माली देशातल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीबद्दल सांगितलं. आकडे वाचलेल्यांनी सरासरी १ डॉलर १४ सेंट दिले, रोकियाबद्दल वाचलेल्यांनी २ डॉलर ३८. खरी चकित करणारी बाब पुढे आहे. तिसऱ्या गटाला रोकियाची गोष्ट आणि आकडे दोन्ही दिले, तर देणगी वाढण्याऐवजी १ डॉलर ४३ सेंटवर आली. आकडे दिसताच माणूस हिशेब करू लागतो, आणि हिशेब करणाऱ्याचा हात आखडता होतो.

मराठी वाचकाला हे शिकवायला अमेरिकेतून कोणी यायची गरज नव्हती. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनात सापडलेल्या मुलांबद्दल आणि त्यांच्या घरांबद्दल लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी देणगी देऊ केली, आणि डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण उभं राहिलं. ‘लोकसत्ता’ने २०११पासून गणेशोत्सवात ‘सर्वकार्येषु सर्वदा’ या नावाने दर वर्षी दहा संस्थांची ओळख करून द्यायला सुरुवात केली, तर वाचकांचे धनादेश येऊ लागले. निवृत्त शिक्षक, एकट्या राहणाऱ्या आजी यांनी लिहिलेले धनादेश. गोष्टीने पाकीट उघडतं, याबद्दल वाद नाही.

वाद दुसराच आहे. गोष्ट कुणाची, आणि सांगतंय कोण?

रोटरीचा स्वतःचा जन्मच एका वैयक्तिक गोष्टीतून झाला, हे तिच्या सभासदांनाही पदग्रहणाच्या भाषणापुरतंच आठवतं. पॉल हॅरिस व्हर्माँटमधल्या वॉलिंगफर्ड या लहानशा गावात आजी-आजोबांकडे वाढलेला मुलगा. वकील होऊन शिकागोत आला. पक्षकार होते, ओळखी होत्या, पण रविवारची दुपार खायला उठायची. १९००च्या सुमारास एका वकील मित्राकडे जेवायला गेला असताना तो मित्र त्याला उपनगरात फिरायला घेऊन गेला. वाटेत एकेका दुकानदाराशी त्याची नावानिशी रामरामी चाललेली. हॅरिसला आपलं गाव आठवलं. शहरात असं गाव वसवता येईल का, हा विचार त्याने पाच वर्षं मनात घोळवला आणि २३ फेब्रुवारी १९०५ रोजी युनिटी बिल्डिंगच्या ७११ क्रमांकाच्या खोलीत चौघं जमले. एक वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता, एक शिंपी. सभा आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरायची, म्हणून नाव पडलं रोटरी. ‘सेवा’ नंतर आली. पहिलं सार्वजनिक काम होतं शिकागोत नागरिकांसाठी स्वच्छतागृह उभारायचं. त्यात लाभार्थ्याबरोबर फोटो काढायची सोय नव्हती, हे बरंच झालं.

पण हॅरिसने पुढे आयुष्यभर जे सांगितलं त्यात ‘मी गरिबांसाठी काय केलं’ हे फार कमी आहे. ‘मला करमत नव्हतं’ हे जास्त. शहरात नव्याने आलेल्या कुठल्याही डॉक्टरला, चार्टर्ड अकाउंटंटला, बदलून आलेल्या बँक मॅनेजरला हे वाक्य आजही कळतं. नाशिकमध्ये गेल्या तीस वर्षांत बाहेरून येऊन स्थिरावलेल्या व्यावसायिकांची संख्या पाहिली, तर हे एक वाक्य दहा चकचकीत बुलेटिनांपेक्षा जास्त कामाचं आहे.

लायन्सची गोष्ट आणखी थेट. १९१७मध्ये शिकागोच्याच मेल्विन जोन्स या विमा व्यावसायिकाने क्लबांना एकत्र आणलं. सुरुवातीची काही वर्षं त्यांना स्वतःची अशी एक ओळख नव्हती. ती दिली एका बाईने. ३० जून १९२५ रोजी ओहायोतल्या सीडर पॉइंट इथे भरलेल्या अधिवेशनात हेलन केलर उभ्या राहिल्या. स्वतः अंध आणि बहिऱ्या असलेल्या केलर यांनी स्वतःच्या अंधाराबद्दल आणि शिक्षिकेमुळे झालेल्या बदलाबद्दल सांगितलं. त्या सभेला थेट म्हणाल्या की अंधाराविरुद्धच्या या लढाईत तुम्ही आमचे योद्धे व्हा. तेव्हापासून लायन्स आणि नेत्रसेवा हे समीकरण पक्कं झालं. महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांत भरणाऱ्या मोतीबिंदूच्या शिबिरांचा धागा मागे मागे नेला तर तो त्या भाषणापर्यंत जातो.

या प्रसंगातली एक बाब बुलेटिनवाल्यांनी टिपून ठेवावी अशी आहे. केलर व्यासपीठावर होत्या. त्यांच्या वतीने दुसऱ्या कुणी मागणी केली नाही. त्यांचा फोटो पडद्यावर दाखवून कुणी उसासा टाकला नाही. गोष्ट त्यांची होती आणि मागणीही त्यांचीच होती, आणि ती मागणी त्यांनी बरोबरीच्या नात्याने केली.

तिसरा प्रसंग थोडा वेगळा. २९ सप्टेंबर १९७९ रोजी फिलिपिन्समध्ये मनिलाजवळ रोटरीच्या पोलिओ लसीकरणाची सुरुवात झाली. आंतरराष्ट्रीय अध्यक्ष जेम्स बोमर यांनी पहिल्या बाळाच्या तोंडात दोन थेंब घातले. लस दिलेल्यांपैकी एका बाळाच्या भावाने बोमर यांची विजार ओढून रोटरीचे आभार मानले, ही आठवण ते पुढे सांगत असत. १९८५मध्ये पोलिओप्लस मोहीम जाहीर झाली. उद्दिष्ट १२ कोटी डॉलरचं होतं, जमले सुमारे २४ कोटी ७० लाख. एवढा पैसा एका मुलाने विजार ओढल्यामुळे आला, असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. पण हजारो क्लबांच्या सभांमध्ये ती विजार ओढली गेली असणार, एवढं नक्की.

त्या मोहिमेच्या शेवटाकडच्या एका टप्प्याचा धागा पेठच्या शेजारी येऊन पोचतो. पेठहून घाट उतरून धरमपूरच्या बाजूने गेलं की वापी फार लांब नाही. वापीच्या रोटरी क्लबचे कल्याण बॅनर्जी हे रासायनिक अभियंते २०११-१२मध्ये रोटरीचे जागतिक अध्यक्ष होते. भारतातला शेवटचा पोलिओ रुग्ण, हावड्यातली एक छोटी मुलगी, १३ जानेवारी २०११ रोजी नोंदला गेला. वर्षभर नवा रुग्ण सापडला नाही, म्हणून फेब्रुवारी २०१२मध्ये देशाचं नाव पोलिओग्रस्तांच्या यादीतून वगळलं गेलं, तेव्हा अध्यक्षपदी वापीचा माणूस होता. एका औद्योगिक गावातल्या क्लबात जायला लागून तिथवर पोचायला त्यांना चाळीस वर्षं लागली. ही गोष्ट पेठ रस्त्यावरच्या क्लबांनी फारशी सांगितलेली दिसत नाही. बहुधा तिच्यात रडण्यासारखं काही नाही, म्हणून.

आता पुन्हा घाटावर.

पेठची अडचण आकड्यांत सांगितली की विनोदी वाटते. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणारा तालुका, आणि मार्चपासून हंडा घेऊन वणवण. उत्तर जमिनीत आहे. काळा कातळ, वर मातीचा पातळ थर, आणि सगळा उतार पश्चिमेला. दमणगंगा, पार यांच्या खोऱ्यांतून पाणी बघता बघता गुजरातेत आणि तिथून समुद्रात. नागली, वरई, भात यांचं एक पीक निघतं. दुसऱ्याला ओल उरत नाही. २०११च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख २० हजार होती, त्यातले बहुसंख्य कोकणा, महादेव कोळी, वारली. एकेकाळी हे छोटं संस्थान होतं. १८७८मध्ये संस्थानच्या बेगमसाहेब वारल्या आणि पेठ इंग्रजी अमलात आलं. पाच वर्षांनी निघालेल्या नाशिक गॅझेटियरमध्ये इथल्या लोकांची वर्णनं आली, तीही बाहेरून येऊन पाहणाऱ्याच्या लेखणीतून. काठावरून खाली बघायची सवय जुनीच.

अशा ठिकाणी गोष्टीचा उपयोग सगळ्यात हुशारीने केला तो रूढ अर्थाने क्लब नसलेल्या एका गटाने. नाशिकचे प्रमोद गायकवाड आणि त्यांचे सहकारी यांचा ‘सोशल नेटवर्किंग फोरम’ समाजमाध्यमांवर जुळलेल्या माणसांतून उभा राहिला. वर्गणीची पावती नाही, कॉलरला पिन नाही, मंगळवारची सभा नाही. फेसबुकवर, व्हॉट्सॲपवर एखाद्या पाड्याबद्दल लिहायचं: पाणी कुठे आहे, किती लांब आहे, काय केलं तर येईल. वाचणाऱ्यांत भूजलाचा जाणकार निघतो, अभियंता निघतो, पाइप देणारा निघतो, परदेशातून पैसे पाठवणारा निघतो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतल्या अनेक पाड्यांवर या रीतीने विहीर, पाइपलाइन, टाकी अशी कामं झाली. गावाने श्रमदान करायचं, चर खणायचे, ही बाजू गावाची.

या रीतीत एक बारकावा आहे. पोस्ट तिथे संपत नाही. काम सुरू झालं, कातळ लागला, पंप बसला, टाकीत पाणी पडलं, असं पुढचं पुढचं सांगितलं जातं. वाचणाऱ्याला शेवट कळतो. आणि त्या शेवटच्या फोटोत बाया विहिरीच्या तळाशी नसतात, नळाखाली असतात. कॅमेरा त्यांच्या उंचीला येतो.

उलट उदाहरण त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या शेंद्रीपाड्याचं. तास नदीच्या खोल घळीवर आडव्या टाकलेल्या लाकडी बल्लीवरून डोक्यावर हंडा घेऊन चाललेल्या बायका. छायाचित्र असं, की पाहणाऱ्याचा श्वास अडकावा. ते गाजलं, तत्कालीन मंत्री आदित्य ठाकरे यांनी दखल घेतली आणि जानेवारी २०२२मध्ये तिथे लोखंडी पूल झालासुद्धा. त्याच वर्षी जुलैच्या पुरात तो वाहून गेला, आणि पावसात पुन्हा बल्ली पडली. छायाचित्राने पूल आणला, पण नदीची पुराची पातळी छायाचित्रात नव्हती. ती तिथल्या म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ असते.

आणि गोष्टीची किंमत कधी कधी गावालाच मोजावी लागते. सुरगाणा तालुक्यातली दांडीची बारी २०२२च्या उन्हाळ्यात देशभर ‘नवऱ्या पळून जाणारं गाव’ म्हणून गाजली. पाण्याला गेलेली नवी सून डोंगराच्या पायथ्याशी हंडा ठेवून थेट माहेरी निघून गेली, अशी हकीकत गावकऱ्यांनीच बातमीदारांना सांगितली होती. हकीकत खरी असेल. ती छापून आल्यावर पाण्याची चर्चा झाली हेही खरं. पण तीनेकशे वस्तीच्या गावातल्या पोरांची लग्नं आधीच जुळेनात, त्यात आता मुलीकडच्यांनी गुगलवर गावाचं नाव टाकलं की पहिलं काय दिसणार? नळ आल्याची बातमी तेवढ्या वेगाने पळत नाही.

रोटरीकडे याचं मोजमाप करायला घरचंच माप आहे. हर्बर्ट टेलर या उद्योजकाने १९३२मध्ये, मंदीत बुडत असलेली भांड्यांची कंपनी सावरताना, चार प्रश्न लिहून काढले. पुढे रोटरीने ते आपलेसे केले. आपण जे बोलतो ते खरं आहे का, सगळ्यांना न्याय्य आहे का, त्याने मैत्री वाढेल का, संबंधित साऱ्यांचं हित होईल का. प्रत्येक सभागृहाच्या भिंतीवर ही चतुःसूत्री टांगलेली असते, आणि बहुतेकदा तिच्याखालीच चहाचं टेबल असतं. बुलेटिनमध्ये फोटो टाकताना हे चार प्रश्न विचारले, तर पहिला सहज सुटतो. विहीर खोल आहे, बाई खाली उतरली आहे, खोटं काहीच नाही. दुसऱ्याला अडखळायला होतं. आपल्या पदर खोचलेल्या, घामेजल्या बायकोचा फोटो क्लबच्या पानावर टाकायला कुठला सभासद तयार होईल? चौथ्यापर्यंत पोचायची वेळच येत नाही.

संमती हा शब्द इथे कागदी वाटतो. फॉर्मवर अंगठा घेणं सोपं आहे. ब्लँकेट हातात देता देता विचारलेला ‘फोटो काढू ना मावशी?’ हा प्रश्नच नसतो. तिला नाही म्हणायची सोय ठेवायची तर वाटपाच्या दिवशी कॅमेरा नेऊ नये. आठवड्याने जावं, रिकाम्या हाताने जावं, चुलीपुढे बसावं, मग विचारावं. रविवारच्या गाडीच्या वेळापत्रकात हे बसत नाही, ही खरी अडचण आहे.

शिवाय या भागाला गोष्ट सांगता येत नाही असं मुळीच नाही. कोकणांमध्ये थाळकथा आहे. काशाच्या थाळीला मेण लावून त्यात बारीक काडी उभी करायची, आणि चिमटीने ती काडी वरून खाली ओढत राहायची. थाळीतून एक घुमता, न तुटणारा सूर निघतो, त्यावर कथेकरी रात्र रात्र सांगत राहतो. धान्याची देवी कणसरी कशी रुसली, कशी परत आली, दुष्काळ कसा पडला. समोरचा हुंकार देतो, मग पुढचा चरण. बोहाड्यात सोंगं नाचतात, डोंगऱ्यादेवाच्या वेळी माऊल्या घरोघर फिरतात. पाण्याची, भुकेची, जंगलाची गोष्ट सांगायची सगळी साधनं इथे आहेत. शहरातल्या सभेत त्यातलं काहीच पोचत नाही, कारण तिथे वक्ता म्हणून बोलावला जातो तो पेठला जाऊन आलेला माणूस. पेठचा माणूस बोलावला तरी सत्कारापुरता. श्रीफळ, शाल आणि ‘दोन शब्द’.

क्लबांमध्ये एक जुनी पद्धत होती, अजून काही ठिकाणी आहे. नव्या सभासदाने पहिल्या काही सभांमध्ये आपल्या व्यवसायाबद्दल बोलायचं: धंदा कसा चालतो, कुठे खोट आली, काय चुकलं. त्याला क्लासिफिकेशन टॉक म्हणतात. लोक ते वेळ भरण्याचा कार्यक्रम समजतात, पण क्लबची खरी जाहिरात तिथेच असते. दंतवैद्य शिबिराला गेला आणि पहिल्या दिवशी एकही माणूस आला नाही. नंतर कळलं की त्या दिवशी पेठचा बाजार होता. शाळेला संगणक दिले आणि विजेचा पत्ता नव्हता. पंप बसवला, वर्षाने वीजबिल कुणी भरायचं यावरून तो बंद पडला. सेवाकार्यात मुरलेल्या कुणालाही असे अनुभव नवे नाहीत, आणि ते सांगायचा अधिकार निर्विवादपणे त्याचाच आहे, कारण फजिती त्याची आहे. ऐकणारा हसतो, आणि बरेचदा तोच विचारतो, ‘पुढच्या वेळी मी येऊ का?’

बायकांना या गोष्टींत जागा मिळायलाच उशीर झाला, हेही इथे नोंदवायला हवं. कॅलिफोर्नियातल्या डुआर्टे इथल्या रोटरी क्लबने १९७७मध्ये तीन महिलांना सभासद केलं म्हणून त्या क्लबची मान्यताच काढून घेतली गेली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, ४ मे १९८७ रोजी निकाल महिलांच्या बाजूने लागला, आणि १९८९मध्ये रोटरीने जगभर दार उघडलं. तोवर सभासदांच्या बायका भोजनाच्या व्यवस्थेत. पेठच्या पाण्याच्या प्रत्येक छायाचित्रात बाईच असते. ते छायाचित्र कुठे छापायचं हे ठरवणाऱ्या टेबलाभोवती बाई किती, हे मोजायला अवघड नाही.

दिवाळी उरकली की पेठचे पाडे रिकामे होऊ लागतात. वाघबारस झालेली असते, नागली घरात आलेली असते, आणि टोळ्या दिंडोरी, निफाड, नाशिकच्या द्राक्षबागांकडे निघतात. तोपर्यंत बागांमध्ये गोडी छाटणी उरकत आलेली असते. मग डिपिंग, विरळणी, पुढे खुडा. उक्त्यावर एकर ठरतो, बागेच्या कडेला ताडपत्रीची खोपी पडते, मुलं शाळा सोडून बरोबर येतात. नाशिकच्या क्लबांमध्ये बागाईतदार आहेत, खत-औषधांचे विक्रेते आहेत, निर्यातदार आहेत, त्यांना कर्ज देणारे बँकवाले आहेत. एप्रिलमध्ये विहिरीच्या तळाशी दिसलेली बाई डिसेंबरात यांच्यापैकीच एखाद्याच्या बागेत घडामागून घड औषधात बुडवत उभी असू शकते, मांडवाखाली, डोक्याच्या उंचीला. संध्याकाळी बोअरच्या नळावर हंडा भरताना तिला गावचं नाव विचारायला घाट चढावा लागत नाही.